दाढ आणि मौन

वय वाढलें म्हणजे मनुष्य आपोआप शहाणा होतो, ही समजूत किती भाबडी आहे, हें आम्हांस एका दाढेनें शिकविलें.

आमच्या छातींत, डाव्या खांद्याच्या किंचित् खालीं, कातडीच्या आंत पेसमेकर बसविलेला आहे. हृदयाची गति मंदावली कीं हें चिमुकलें यंत्र विजेचा सूक्ष्म स्पंद पाठवून त्यास पुन्हां तालावर आणतें. शरीराच्या आंत बसविलेलें असें पहिलें यंत्र ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन या गृहस्थांस मिळालें. तें कांहीं तासांतच बंद पडलें. परंतु पुढें यंत्रें बदलीत बदलीत लार्सन २००१ सालापर्यंत जगले! त्यांच्या धैर्याची ही गोष्ट आम्ही नातवंडांस मोठ्या ऐटींत सांगत असूं. स्वतःची दाढ दुखूं लागली तेव्हां मात्र तें धैर्य कोठें गेलें कोण जाणे!

धंतोलींत डॉक्टरांचा दुष्काळ नाहीं; गल्लोगल्लीं इस्पितळाची पाटी दिसते. तरीही पंधरा दिवस आम्हीं तोंडांत लवंग धरून दुःख लपविलें. दंतवैद्याच्या विजेच्या उपकरणांनीं पेसमेकर बिघडतो, असें कुठेंसें ऐकलें होतें. पेसमेकर आहे हें कळल्यास आपणांस परत पाठवितील, म्हणून त्याविषयीं अवाक्षरही काढावयाचें नाहीं, असा आमचा बेत होता. एवढ्यावरच भागलें नाहीं. दाढ काढतांना रक्त फार वाहील या भीतीनें, रक्त पातळ ठेवणारी गोळीही आम्हीं दोन दिवस परस्पर बंद केली.

एके दिवशीं वडाभातांतील वडे आम्ही ताटाच्या कडेस सारीत आहों, हें सूनबाईंनीं पाहिलें. सुजलेला गालही दिसलाच. सारें ऐकून त्या शांतपणें म्हणाल्या, "मामंजी, ज्यांनीं आपणांस सांभाळावयाचें, त्यांनाच आपण अंधारांत ठेवणार?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पेसमेकरचें ओळखपत्र व औषधांची यादी घेऊन त्याच दुपारीं सूनबाई आम्हांस दंतवैद्याकडे घेऊन गेल्या. त्यांनीं प्रथम आमच्या हृदयरोगतज्ज्ञांस दूरध्वनि केला. गोळी तत्काळ पुन्हां सुरू झाली. कारण ती थांबविल्यास रक्ताची गुठळी मेंदूंत जाऊन अर्धांगवायु होण्याचें भय असतें. दाढेचें रक्त मात्र टांका घालून व कापडाची घडी दाबून बहुधा आवरतां येतें. क्ष-किरणांचें चित्र व दांत कोरण्याचें नेहमींचें यंत्र यांचा पेसमेकरला त्रास नाहीं. दांत साफ करण्याच्या कंपनयंत्राचा प्रकार तेवढा आधीं पाहावा लागतो, आणि विजेनें मांस कापण्याचें उपकरण शक्यतों टाळतात. केवळ पेसमेकर आहे म्हणून जंतुनाशक औषध घ्यावें लागत नाहीं. आम्हांस तें दिलें गेलें तें गालाच्या सुजेमुळें. उलट, कुजक्या दाढेंतील जंतु रक्तांत शिरणें हाच खरा धोका, आणि तो आम्हीं पंधरा दिवस लवंगेखालीं झांकून ठेविला होता!

दाढ निघाली. खुर्चींतून हळूहळू उठावें, एवढीच ताकीद मिळाली.

घरोघरीं आमच्यासारखीं वडील माणसें आहेत. मुलांस त्रास नको, म्हणून तीं गप्प बसतात, आणि त्यासच सोशिकपणा म्हणतात. आम्हीही तसेंच म्हणत होतों. परंतु तो सोशिकपणा नव्हता, भित्रेपणा होता. वाचकहो, आपल्या घरांतील कोणी ताटांतले कठिण पदार्थ कडेस सारीत असेल, तर त्यास एकदां प्रेमानें विचारून पाहावें.