मूठ वळते का?

आमच्या भागात नुसतं अंग दुखतं म्हणून कुणी दवाखान्यात येत नाही. खुरपं धरवेना, म्हशीची धार काढताना बोटं वळेनात, तेव्हा येतात. तोवर दुखणं वयाचं, कामाचं, नाहीतर बाळंतपणात शेक-शेगडी नीट न झाल्याचं धरून चालतात. माढा तालुक्यात, उजनीच्या कालव्याखालच्या एका गावात मी १९९८ पासून दवाखाना चालवते. ताप, जुलाब, विंचू, रक्तदाब, साखर हे सगळं येतंच. पण बाजाराच्या दिवशी बाहेर ओट्यावर बसलेल्या बायका पाहिल्या, तर निम्म्या तरी गुडघ्याला नाहीतर कंबरेला हात लावून बसलेल्या दिसतात. ज्या आजाराने ओटा भरतो, तो आजार आम्हाला कॉलेजात फार थोड्या तासांत शिकवला होता.

मी दवाखाना उघडला त्याच्या जरा आधी, १९९६ साली, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला एक मोठं काम सुरू झालं होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवातावर काम करणाऱ्या डॉक्टरांची जागतिक संघटना यांनी १९८१ साली ‘कॉपकॉर्ड’ हा कार्यक्रम आखला होता. गरीब देशांत, यंत्रांवर फार भिस्त न ठेवता, लोकांच्या दारात जाऊन सांध्यांचं दुखणं मोजायचं, ही त्यामागची कल्पना. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी भिगवण निवडलं. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरली आणि ज्यांनी दुखतं म्हणून सांगितलं त्यांना डॉक्टरांनी तपासलं. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. २००१ साली हे छापून आलं.

ते वाचून मी बराच वेळ विचार करत राहिले. भिगवण म्हणजे आमच्यासारखंच गाव. तोच ऊस, तीच खुरपणी, तेच डोक्यावरून आणलेलं पाणी. दर पाच-सहा माणसांमागे एक माणूस दुखणं घेऊन वावरतो, हे मी रोज पाहत होते, पण त्याचा आकडा कुणी काढला नव्हता. त्याहून महत्त्वाची होती ती आतली विभागणी. त्या ७४६ जणांत बहुतेकांचं दुखणं कष्टाचं, स्नायूंचं, नाहीतर झिजेचं. सांध्याला आतून सूज आणणारा आजार साधारण दहातल्या एकालाच. त्यातही ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात, तो हातापायांचे लहान सांधे खाणारा आजार, प्रौढांमध्ये अर्धा टक्का.

अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो. माझ्याकडे ज्या गावांतून माणसं येतात तिथली प्रौढ वस्ती दहा हजार धरली, तर पन्नास माणसं झाली. ती पन्नास माणसं त्याच ओट्यावर, त्याच गर्दीत, इतरांसारखीच ‘मॅडम, सुई मारा, लई ठणकतंय’ म्हणत बसलेली असतात. आमवाताचं नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतं. नेमकं औषध तेव्हा मिळालं तर बोटं वाचतात, दोन वर्षांनी मिळालं तर ठणका थांबतो पण वाकडी झालेली बोटं सरळ होत नाहीत. तेव्हा त्या पन्नास जणांना गर्दीतून वेळेवर ओळखणं हे काम पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाकडे सोपवताच येत नाही. त्याच्यापर्यंत कुणाला पाठवायचं, हे ठरतं पहिल्या दारात. म्हणून या विषयातलं संशोधनही पहिल्या दारातलंच हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

तपासणी तशी साधी आहे. आधी विचारायचं, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात? झिजेच्या दुखण्यात चार पावलं टाकली, चहा झाला, की सांधे मोकळे होतात. आमवातात तासभर, कधी दोन तास जातात. इथे घड्याळ लावून विचारून उपयोग नसतो. ‘भाकरी थापायला घेताना पंजा उघडतो का? सूर्य किती वर आल्यावर मूठ वळते?’ असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं. मग बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचे. आमवात असेल तर बाई हात मागे ओढते. सूज बोटाखाली भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागते, झिजेची गाठ हाडाइतकी टणक. हे सगळं करायला पाच मिनिटं लागतात. पायांच्या बोटांना मात्र आवर्जून हात लावावा लागतो, कारण चपला काढून पाय दाखवायचा बायकांना संकोच वाटतो आणि डॉक्टरलाही घाई असते.

लोकांना याऐवजी रक्ताची तपासणी हवी असते. ‘वाताची टेस्ट’ करून आलोय म्हणत कागद पुढे करतात. त्यावर आरए फॅक्टर असतो, एएसओ असतं, युरिक अॅसिड असतं. एएसओचा मोठ्या माणसाच्या गुडघेदुखीशी संबंध नाही. ते घशाच्या जंतूंशी आणि लहान मुलांच्या हृदयाला धरणाऱ्या तापाशी जोडलेलं आहे. आरए फॅक्टर आमवात असलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये येत नाही आणि काही धडधाकट माणसांमध्ये येतो. इंग्लंडमधल्या कुटुंबडॉक्टरांना तर स्पष्ट सूचनाच आहे की हातापायांचे लहान सांधे सुजलेले असतील तर रक्त चांगलं आलं तरी थांबू नका, रुग्णाला लगेच तज्ज्ञाकडे पाठवा. इथे उलट चालतं. कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं पाहून सुजलेल्या हातांची बाई पुन्हा कांद्याच्या शेतात जाते.

२००६ साली चिकुनगुन्या आला तेव्हा या सगळ्याची कसोटी लागली. आमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९७३ मध्ये त्याची साथ झाली होती. त्यानंतर तीसेक वर्षं हा आजार राज्यात जवळजवळ दिसलाच नाही, त्यामुळे माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला. बार्शीकडून आमच्या गावात आलेल्या एक आजी मात्र पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, ‘पोरी, ह्यो त्योच ताप. माणूस वाकून चालतंय बघ.’ घरंच्या घरं झोपली. ताप तीन-चार दिवसांत उतरायचा, सांधे मात्र सोडायचे नाहीत. त्या वेळी चोप्रांच्या गटाने आमच्या तालुक्यातल्या मोडनिंब आणि बावी या गावांत येऊन साथीनंतरच्या सांधेदुखीची पाहणी केली. आपल्या आसपासच्या माणसांच्या दुखण्याची कुणी शास्त्रीय नोंद ठेवतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं. मीही तेव्हापासून सांध्यांच्या रुग्णांची वेगळी वही ठेवते. तारीख, कोणते सांधे, सकाळचं आखडणं किती, काम कोणतं. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत मोकळे झाले. काहींचे महिनोन् महिने सुजलेले राहिले, आणि आमवात कोणता नि चिकुनगुन्याचा शेष कोणता हे वेगळं काढताना त्या वहीतल्या तारखांचाच आधार मिळाला.

कंबरदुखीबद्दल मला सर्वांत उपयोगी पडलं ते इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातलं काम. तिथल्या संशोधकांनी कंबर दुखणाऱ्यांना विचारायचे नऊच प्रश्न तयार केले. उत्तरांवरून माणसाचे तीन गट पडतात: आपोआप बरा होईल असा, व्यायामोपचार लागेल असा, आणि ज्याच्या मनातल्या भीतीवरही काम करावं लागेल असा. गटाप्रमाणे उपचार दिले तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा माणसं जास्त सुधारतात आणि खर्चही कमी होतो, असं त्यांनी २०११ साली दाखवून दिलं. त्यातला एक प्रश्न असा आहे की, हे दुखणं आता कधीच बरं होणार नाही असं वाटतं का? मी तो माझ्या शब्दांत विचारायला लागले. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाप्याच्या डोळ्यांत तो प्रश्न ऐकून पाणी आलं. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता धरवेना, आणि कुणीतरी त्याला सांगितलेलं की मणका सरकलाय, आता वाकायचं नाही. पायाला मुंग्या नाहीत, ताकद पूर्ण, लघवीची तक्रार नाही. त्याला एमआरआयपेक्षा ‘तुम्ही वाकू शकता, हळूहळू वाका’ हे वाक्य जास्त लागत होतं. ते सांगून, वाकून दाखवून, त्याला वाकायला लावून मी पाठवला. पुढच्या हंगामात तो फडावर होता.

पुड्यांचं मात्र मला भय वाटतं. कुणीतरी जडीबुटी म्हणून भुकटी देतं, तीन दिवसांत माणूस उड्या मारत येतो. वर्षभराने चेहरा गोल, कातडी पातळ, साखर वाढलेली. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असल्याचं पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. ती एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो, म्हणून रागावून पुडी फेकून देता येत नाही. मोजून-मापून उतरवावं लागतं. रुग्णाला दोष देणं मला पटत नाही. ज्याला पहिल्या दारात कुणी हात लावून पाहिलं नाही, तो तिसऱ्या दारात जाणारच.

आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, चांगलं आहे, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे मी वार रुग्णालाच ठरवायला सांगते. बहुतेक जणी बाजाराचा दिवस धरतात, कारण तो चुकत नाही. फॉलिक अॅसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. चिठ्ठीवर वार मोठ्या अक्षरात लिहिते, आणि वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला बोलावून त्याच्याकडून म्हणून घेते. ठरावीक काळाने रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासायचं. तज्ज्ञ सोलापुरात, पहिलं निदान आणि औषध त्यांच्याकडून, पुढची राखण माझ्याकडे. ही वाटणी गेली काही वर्षं चांगली चालली आहे.

सध्या माझ्या वहीत एक सव्वीस वर्षांची सून आहे. कांदा काटणीला जायची. गावात घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीला, मी मुठीचा प्रश्न शिकवून ठेवला आहे. त्यांनी सहज विचारला आणि तिसऱ्याच महिन्यात तिला माझ्याकडे आणलं. सूज आता उतरली आहे, ती भाकरी थापते, पाणी शेंदते. गेल्या महिन्यात सासूबाई तिला घेऊन आल्या आणि दार लावून विचारू लागल्या, ‘आता नातवाचं बघावं का? का ह्या गोळ्यांनी काय व्हतंय?’ मेथोट्रेक्सेट पोटातल्या बाळाला घातक असतं. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ते थांबवावं लागतं, आणि तोवर पाळणा लांबवणंही सांभाळावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणात चालतात. सोलापूरच्या डॉक्टरांशी मी बोलले. बदललेल्या गोळ्यांवर आधी काही आठवडे पाहायचं, सूज परतली नाही तर पुढे जायचं, असं ठरलं आहे. सासूबाईंना मी सांगितलं की दिवाळीपर्यंत थांबा. ‘थांबते की,’ त्या म्हणाल्या, ‘पण पोरीची बोटं आधी.’