शेगावची कचोरी आणि धुऱ्यावरची अंबाडी

शेगावला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आला असाल. मुंबई-नागपूर लोहमार्गावर भुसावळ आणि अकोला यांच्या मधे, बुलढाणा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. गाडी थांबली की कचोरीचा वास येतो. गजानन महाराजांचे दर्शन घ्यायचे, प्रसाद घ्यायचा, मूगडाळीच्या सारणाची कचोरी तळलेल्या मिरचीबरोबर खायची, घरच्यांसाठी पुडा बांधून घ्यायचा आणि परतीची गाडी धरायची, असा आपला रिवाज. पुढच्या खेपेला दोन घटका जास्त काढा आणि गावाबाहेरच्या वावरापर्यंत चला. या मुलखाच्या काही चवी तिथे आहेत. त्या पहिल्या घासाला आवडत नाहीत. त्या शिकाव्या लागतात.

पहिली चव अंबाडीची. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रकट झाले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. लोकांनी त्यांना प्रथम पाहिले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना. त्यांना आवडणारा नैवेद्य कोणता, हे वऱ्हाडातले लहान मूलही सांगेल: ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठले, कांदा, हिरवी मिरची आणि अंबाडीची भाजी. त्र्यंबक कवर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याची कथा तुम्ही ऐकली असेल. तो अशीच साधी शिदोरी घेऊन निघाला आणि त्याची गाडी चुकली. महाराज मात्र पुढे आलेली पक्वान्ने बाजूला ठेवून त्याच्या भाकरीची वाट पाहत बसले. आज प्रगटदिनाला हाच नैवेद्य आपण भक्तीने करतो. पण दुसऱ्या दिवशी शहरातला पाहुणा आला, की अंबाडीचे पातेले झाकून पनीर आणायला मुलाला पिटाळतो. देवाला चालते ते पाहुण्याला का चालू नये, याचा विचार करायला हवा.

अंबाडी आंबट असते. नुसती शिजवून वाढली तर नवखा माणूस तोंड वाकडे करील. म्हणून आपल्या आयाबायांनी तिची रीत बसवली. पाला उकडून पाणी पिळून टाकायचे, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून घोटायचे, आणि वरून लसूण व लाल मिरचीची कडकडीत फोडणी द्यायची. पाणी टाकल्याने आंबटपणा आणि त्यातले ऑक्झलिक आम्ल दोन्ही कमी होतात. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तरी बेतानेच खावी. याच झाडाच्या सालीपासून वाख निघतो, त्याचे दोर वळले जात. तांबड्या अंबाडीच्या बोंडांची चटणी होते. एका ओळीतून भाजी, दोर आणि चटणी देणारे पीक धुऱ्यावर होते, आणि त्याला वेगळा खर्च नव्हता.

शेगावच्या उत्तरेला पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. जमीन काळी आणि खोल, पण विहिरीचे पाणी खारे. बागायती भाजीपाला तिथे सहज होत नाही. मग माणसे पावसावर येणाऱ्या पाल्याकडे वळली. पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पाने, मग केना आणि काटेमाठ. हिवाळ्यात हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून कांदा, मिरची, मीठ आणि कच्चे तेल घालून केलेला घोळाणा. उरलेला पाला वाळवून उन्हाळ्याची बेगमी. हरभऱ्यावर रात्री फडके पसरून पहाटे पिळून घेतलेली आंबही जुन्या घरांत बाटलीत असे. तरोटा उग्र लागतो, घोळाणा जिभेला चरचरतो, वाघाट्याचे फळ कडू. तरी आषाढी एकादशीचा उपास सोडताना वाघाट्याची भाजी मुद्दाम करतात. वर्षातून एकदा का होईना, कडू चव पानावर यावी अशी ही तजवीज आहे.

आता एक नाजूक गोष्ट. शेगावात वारकऱ्यांच्या पंगतीत मांसाचा विषय निघत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी सामिष चालते, त्यांच्याकडे वजडी, मुंडी, पाया, रक्ती हेही अन्नच आहे. गरम पाण्याने आणि चुन्याने वजडी घासून साफ करणे हे तासाभराचे कष्टाचे काम. ज्यांना चांगले मांस परवडत नव्हते किंवा मिळू दिले जात नव्हते, त्यांनी टाकाऊतून चव उभी केली. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या अशा जेवणाबद्दल शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. तुम्ही खात असाल वा नसाल, दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडू नका. आपल्या अंबाडीला शहराने नाक मुरडले, तेव्हा आपल्याला कसे वाटले ते आठवा.

आणि ती कचोरी? तीही या मातीतली नव्हे. फाळणीनंतर पंजाबकडून आलेल्या शर्मा कुटुंबाने ती शेगाव स्टेशनवर विकायला घेतली, आणि आता गावाचे नाव तिच्याशी जोडले गेले आहे. परकी चव दोन-तीन पिढ्यांत आपली होते. तसेच आपली चव दोन-तीन पिढ्यांत परकी होऊ शकते. वऱ्हाडात ज्वारी मागे पडली, सोयाबीन पुढे आले, आणि तणनाशकाच्या फवाऱ्यात तरोटा, केना, माठ गेले. धुऱ्यावर अंबाडीची ओळ टाकणारा बाप आणि ती भाजी खाणारा मुलगा, दोघेही कमी होत चालले आहेत. जिभेची सवय गेली की बियाण्याची पिशवीही जाते. कृषी खात्याच्या नोकरीत गावोगाव फिरताना मी हे पाहिले आहे: ज्या घरात भाजी खाल्ली जाते, त्याच घरात बी सापडते.

म्हणून तीन गोष्टी करा. येत्या मृगात तुरीच्या किंवा कपाशीच्या कडेला अंबाडीच्या दोन ओळी टाका, आणि दोन-चार झाडे बियांसाठी राखा. रानभाजी ओळखीचीच खुडा, आणि फवारणी झालेल्या वावरातली मुळीच खुडू नका. ओळख नसेल तर घरातल्या म्हातारीला वावरात न्या, मुलांनाही सोबत घ्या. तिसरी गोष्ट, लेकरांना ही भाजी थोडी थोडी, पण पुन्हा पुन्हा वाढा. पहिल्या दिवशी ते थुंकतील. रागावू नका. भाकरीवर थोडे लोणी घाला आणि चार दिवसांनी परत वाढा.

शेगावला जाल तेव्हा कचोरी जरूर खा. शिदोरीत मात्र भाकर, चून आणि अंबाडीची भाजी बांधून न्या, आणि शेजारी बसलेल्या शहरातल्या यात्रेकरूलाही एक घास द्या.