मनीची दुसरी सही

नागोठण्यात, आंबा नदीकाठच्या आमच्या घरी मनी येऊन सहा वर्षे झाली. मांजर घुरघुरले म्हणजे खुशीत आहे, असा सर्वांचा समज. परंतु गेल्या पावसाळ्यात ती दोन दिवस अन्नाला न शिवता कोपऱ्यात बसली होती, आणि तेव्हाही घुरघुरत होती. मांजर वेदनेतही घुरघुरते, असे पशुवैद्यांनी सांगितले. ताप होताच.

बँकेत मोठ्या रकमेला एक सही पुरत नसे. येथेही दुसरी हवी. ताठ उभे शेपूट, किंवा आपल्याकडे पाहत सावकाश मिटलेले डोळे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात आढळले, की माणसाने डोळे असे मिटल्यास मांजरानेही तसेच करण्याची शक्यता वाढते. (पाहुण्यांसमोर हा प्रयोग करू नये.)

आठव्या दिवशी मनी शेपूट उभारून स्वयंपाकघरात आली. सौभाग्यवतींनी काही न बोलता दूध कोमट करावयास ठेवले.