लेकीच्या नंबराचा हिशेब



परवा नणंदबाईंचा फोन आला. "वैनी, तुमच्या लेकीचा नंबर कुठं काढला? आमच्या पोरीचाही दिवाळीच्या आत काढावा म्हणते. डिसेंबरात बघायला यायचे आहेत." मी सवयीनं सांगून टाकलं, "छान झालं बघा, नंबर गेला!" लेक चार दिवस माहेरी आली होती, शेंगा सोलत ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, तू सगळ्यांना नंबर गेला एवढंच सांगतेस. रात्रीचं कुणाला सांगत नाहीस."

खरं आहे. मी बी.कॉम. झालेली बाई, फक्त जमेची बाजू दाखवणं मला शोभत नाही. म्हणून आज नावेची बाजूही लिहिते.

तिला सातवीपासून चष्मा. पंचविसाव्या वर्षी दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच आणि वर दोनचा सिलिंडर. डोळ्यावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, चेंडूसारखा सारखा गोल नसून एका दिशेनं जास्त वाकलेला असला की सिलिंडर लागतो. डॉक्टर आधी "अंड्यासारखा" म्हणाले, मग आमच्याकडे बघून हसले आणि "बरं, चमच्याच्या पाठीसारखा" असं दुरुस्त केलं!

त्यांनी कागदावर आकडे मांडले ते मला लगेच पटले. तिचा कॉर्निया ५३० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जाड. त्याचा वरचा ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलायचा, खालचा भाग लेसरनं घडवायचा आणि पापुद्रा परत बसवायचा. एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जातात. सिलिंडर धरून साडेसात नंबर, म्हणजे १०५ गेले. उरले ३१५. खाली निदान २५० तरी राखावेच लागतात, आमचे डॉक्टर ३०० राखतात. हे भांडवल एकदा खर्चलं की पुन्हा भरत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

खरं कारण मात्र त्या कागदावर नव्हतं. दोन स्थळांनी चष्म्याचा विषय काढला होता. लेक म्हणत होती, मला चष्म्याचा काही त्रास नाही. मागे लागले ती मी. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढून सुई ओवायला लावली होती. लांबचं न दिसणाऱ्याला जवळचं चांगलंच दिसतं, त्यामुळे मी पहिल्या झटक्यात ओवली आणि पास झाले. पण तो अपमान डोक्यात राहिला असावा. तो मी लेकीच्या डोळ्यांवर काढला.

ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं मिळून अर्ध्या तासाच्या आत उरकलं. दुसऱ्या दिवशी तिनं पलंगावरून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचली आणि मी रडले. उजवा डोळा अगदी स्वच्छ. डाव्यात पाऊण नंबराचा सिलिंडर राहिला. सिलिंडरला दिशा असते, आणि माणूस आडवा झाला की डोळा किंचित फिरतो. दिशा दहा अंशांनी जरी चुकली तरी दुरुस्तीतला तिसरा हिस्सा वाया जातो. यंत्र त्याकडे लक्ष ठेवतं, तरी थोडंफार राहू शकतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

दिवसा तिला काही जाणवत नाही. पण अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसर न लागलेल्या कडेवरूनही उजेड आत येतो. ती सूर्यास्तापूर्वी ऑफिसातच डबा खाते आणि मग गाडी चालवत घरी येते. थंडीच्या दिवसांत तोवर अंधार पडलेला असतो, आणि समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती कडं. मंदिरात संध्याकाळच्या आरतीला ती एक डोळा मिटून उभी राहते. मला वाटायचं, भक्तीत आहे. अहो, ती डावा डोळा झाकून ज्योतीला फुटलेले काटे टाळत होती.

शिवाय कोरडेपणा. पापुद्रा कापताना बारीक नसा तुटतात. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, हिला दोन वर्षं ड्रॉप लागले. थेंब कधी कधी नाकातून घशात उतरून कडू लागतात, त्यामुळे दशलक्षणाच्या उपवासात तिला रात्री घालायचा संकोच वाटे. मग नर्सबाईंनी थेंब घातल्यावर नाकाशेजारचा कोपरा बोटानं दाबून धरायला शिकवलं. ही युक्ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

डॉक्टरांच्या वहीत हे ऑपरेशन यशस्वी आहे, आणि ते खोटं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची पाहणी २०१७ मध्ये छापून आली. तिच्यात ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते. पण आधी असला काही त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणांना तीन महिन्यांनी कडी, चकाकी किंवा दुहेरी दिसणं यातलं काहीतरी नवीन सुरू झालं होतं. त्यामुळे रोजची कामं अडलेले मात्र एक टक्क्याहूनही कमी. माझी लेक या दोन्ही रकान्यांत बसते, समाधानीही आणि त्रासातही.

डाव्या डोळ्याला पुन्हा लेसर करता येईल असं डॉक्टर म्हणाले. तिनं नको म्हटलं आणि गाडीत एक चष्मा ठेवला. लग्न झालं तेही उणे चार नंबराच्या जावयांशी! त्यांच्या घरी चष्म्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

काल तिला विचारलं, पुन्हा करशील का? "मी स्वतःसाठी ठरवलं असतं तर कदाचित केलं असतं," म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

रात्री मीच नणंदबाईंना फोन लावला. वर्षभर नंबर स्थिर आहे का बघा, मोजणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा, कॉर्नियाची जाडी, आकार आणि डोळ्यांचा कोरडेपणा तपासून घ्या, असं सांगितलं. आधीच्या मोजमापांची फाईल जन्मभर जपायची, पुढे मोतीबिंदूच्या वेळी लागते. आणि नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून पडद्याची तपासणी सोडायची नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"आणि वन्सं, पोरीला विचारलंत का?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाल्या, "ती शेजारच्या खोलीत आहे. थांबा, तिलाच देते फोन."