वेळासची वाळूची भिंत

मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि आमच्या वस्तीतील तीन कुटुंबांनी ठरविले की, यंदा सर्वांनी मिळून समुद्र पाहायला जायचे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे छोटे गाव आहे. एस.टी.ने मंडणगड गाठले व तेथून पुढची गाडी धरली. बरोबर घरच्या भाकऱ्या आणि सुकी चटणी. गावातच एका घरी राहण्या-जेवणाची सोय झाली.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्याकडे निघालो. वाट सोपी, म्हणून गुडघेदुखीच्या आमच्या आईलाही बरोबर घेतले. घरे आणि वाड्या मागे पडल्या, सुरूचे बन लागले, पायाखालची माती संपून वाळू आली. पुढे वाळूचा उंचवटा आणि त्यापलीकडे समुद्र. पाय रुतू लागले तशी आईने चपला हातात घेतल्या.

उंचवट्यावर हिरवी वेल पसरली होती. जांभळी फुले, आपट्यासारखी दुभंगलेली पाने. आमची पोरे त्यावरून घसरगुंडी खेळू लागली. वेल मुळासकट उपटून आली. तेवढ्यात गावचे एक वयस्कर गृहस्थ थांबले व म्हणाले, "बाळांनो, खाली या. ती आमची भिंत आहे."

"बाबा, वाळूची कुठे भिंत असते?" आमच्या मुलीने विचारले.

ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हांला वेलीचे नाव सांगितले, मर्यादवेल. वाऱ्याने उडालेली वाळू या वेलीत अडकते. वेल वाळूखाली गेली तरी तिच्या पेरापेराला मुळे फुटतात आणि ती पुन्हा वर येते. असा एकेक थर साचून टेकडी उभी राहते. वादळात लाटा टेकडीची वाळू ओढून नेतात, पण त्यात त्यांचा जोर मोडतो आणि मागची घरे वाचतात. पुढे समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. पावसाचे गोडे पाणीही या वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने या तालुक्यात घरांची छपरे उडवली, झाडे आडवी केली. त्या दिवसाची आठवण काढताना बाबांचा आवाज बदलला.

आम्हांला आमच्या वस्तीमागील नाल्याची भिंत आठवली. कोणी मोरीसाठी, कोणी चुलीसाठी एकेक वीट नेली. एका विटेने काय होते, असे प्रत्येकाला वाटले. आम्हीही दोन आणल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात पाणी घरात शिरले, मुलांची वह्या-पुस्तके भिजली. हे आम्ही बाबांना सांगितले, तेव्हा पोरे गप्प झाली.

सकाळी कासवांची पिल्ले पाहिली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी गावकरी ती कुंपणात पुरून ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन हे काम उभे केले. तळहातावर मावेल एवढे पिल्लू लाटेकडे सरकताना आई टाळ्या वाजवत होती.

वाळूच्या टेकड्यांना कायद्याचेही संरक्षण आहे. १९९१ साली किनाऱ्याच्या नियमनाचा पहिला आदेश निघाला. २०१९ च्या आदेशात या टेकड्या सर्वांत जपणुकीच्या वर्गात आहेत. परंतु कार्यालयात आयुष्य काढलेल्या आम्हांला ठाऊक आहे की, कागद एकटा पहारा देत नाही.

वाचकांपैकी कोणी सहकुटुंब गेल्यास मळलेल्या वाटेनेच चालावे. वेल तुडवू नये, रात्री किनाऱ्यावर बॅटरीचा झोत टाकू नये, कचरा पिशवीत परत आणावा. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा. पिल्ले दिसतीलच असे नाही, म्हणून गावात आधी चौकशी करावी.

निघण्यापूर्वी पोरांनी उपटलेली वेल ओल्या वाळूत पुन्हा खोचली. रुजली की नाही, ते पाहायला पुढच्या वर्षी जायचे त्यांनी आताच ठरविले आहे.