सहा गाद्या आणि कोकणातला पाऊस

गादीवर लेख लिहिला तर लोक हसणार, हे माहीत आहे. पण गेलं वर्ष-दीड वर्ष आमच्या घरी सगळ्यात जास्त चर्चा जमीनजुमल्याची नाही, लग्नकार्याची नाही, गादीची झाली. त्यामुळे इलाज नाही. शिवाय स्वस्त फोमची गादी दमट हवेत किती टिकते, या विषयावर माझ्याइतका भक्कम पुरावा फार कमी जणांकडे असेल. आमच्याकडे एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातून घेतलेल्या सहा गाद्या आहेत.

त्याचं असं झालं. राजापूरपासून थोडं आत आमचं गाव. माझं माहेर. घरात आता फक्त काका आणि काकू. काका ८१ चे, काकू ७६ ची. बाकी आम्ही सगळे चाकरमानी - कोणी ठाण्यात, कोणी मुंबईत, मी पुण्यात. गणपतीला घर भरतं, आणि दरवर्षी माळ्यावरून कापसाच्या गाद्या खाली काढताना कोणाची तरी कंबर धरते. म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या भावंडांनी वर्गणी काढली आणि सहा फोमच्या गाद्या घेतल्या. ७२ बाय ३६, जाडी ४ इंच, प्रत्येकी २२०० रुपये. एका हाताने उचलता येत होत्या. काकू खूश, आम्ही खूश. हलकी गादी हीच तेव्हा आमची गरज होती.

दोन गाद्या काका-काकूंच्या पलंगांवर गेल्या. तीन पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्यांसकट माळ्यावर. सहावी २०२१ मध्ये दादाच्या मुलीने पुण्यात खोली घेतली तेव्हा तिच्याकडे आली.

२०२४ च्या गणपतीत या सहाही गाद्यांची स्थिती अशी होती. काकूच्या गादीला मधोमध खड्डा. मी दोरी ताणून पट्टीने मोजला, दीड इंच. ४ इंचाच्या गादीत दीड इंच! काकांच्या गादीलाही खड्डा, पण जरा कमी. माळ्यावरच्या तीन गाद्यांपैकी सगळ्यात खालची एकमेकींच्या वजनाने चपटी झालेली, दोन गाद्यांवर काळ्या ठिपक्यांची बुरशी, आणि तिन्हींना तो ओल्या खोलीचा कुबट वास. पुण्याची गादी मात्र अजून बऱ्यापैकी सपाट. आता भाचीचं वजन ४८ किलो आणि ती घरी झोपते कमी, त्यामुळे हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही म्हणा :) पण गठ्ठा तोच होता, हे विसरू नका.

तर मग फरक कशाचा? मी थोडं वाचलं, थोडं एका फोम कापणाऱ्या कारागिराला विचारलं.

आपण ज्याला फोम म्हणतो ते पॉलियुरेथेन. ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली जर्मनीत हे रसायन शोधलं. गंमत अशी की गादीचा फोम फुगतो तो पाण्यामुळेच. दोन रसायनं एकत्र करताना त्यात थोडं पाणी घालतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि इडलीच्या पिठासारखं सगळं फसफसून वर येतं. म्हणजे जन्म पाण्याने, आणि म्हातारपणही पाण्यानेच.

कपाटात नुसते ठेवलेले बूट काही वर्षांनी काढावेत आणि तळवे भुगा होऊन गळून पडावेत, हे मुंबईत राहिलेल्या कुणालाही नवं नाही. ते तळवे बऱ्याचदा याच जातीच्या रसायनाचे असतात, पण पॉलिएस्टरवर आधारलेले. हवेतली ओल त्यांच्या साखळ्या तोडते. गादीचा फोम साधारणपणे पॉलिइथरवर आधारलेला असतो, तो ओलीने असा सहजासहजी तुटत नाही. पण उष्णता आणि ओल एकत्र आली की त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे सैल पडतात. वरून रात्रीचे आठ तास माणसाचं वजन. साखळ्या सरकतात आणि सरकलेल्या जागीच बसतात. सकाळी गादी पूर्वीइतकी वर येत नाही. रोज केसभर कमी. असे पाच पावसाळे. रत्नागिरी जिल्ह्यात एका मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे मीठ ओलं असतं, काडेपेटी पेटत नाही, मग गादी तरी कोरडी कशी राहणार?

आणि स्वस्त फोममध्ये मुळात माल कमी. फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोमध्ये. दुकानदार '३२ ची', '४० ची' म्हणतात ते हेच. हे घरी तपासता येतं. ७२ बाय ३६ बाय ४ इंच म्हणजे साधारण ०.१७ घनमीटर. ४० च्या फोमचं वजन ६.८ किलो भरलं पाहिजे, ३२ च्या फोमचं साधारण साडेपाच किलो. मी प्रवासात बॅगा मोजायच्या काट्याला आमची गादी टांगली. खोळ काढून ३ किलो आणि वर थोडे ग्रॅम! म्हणजे १८ ची. बाकी सगळी हवा, आणि तीही कोकणातली. (एक सावधगिरी - वजन वाढवण्यासाठी फोममध्ये चुनखडीची भुकटीही घालतात, त्यामुळे नुसत्या काट्यावर डोळे झाकून विसंबू नये. हाताने दाबून सोडावा, चटकन वर येतो का ते बघावं.)

वॉरंटी पाच वर्षांची होती. ती आम्ही दोरी ताणून मोजत होतो त्याच्या तीन आठवडे आधी संपली होती. आणि संपली नसती तरी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की गादीवर डाग असल्यास वॉरंटी लागू नाही. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने कोकणात एक श्रावण काढून बघावा.

इथपर्यंत सगळं गमतीचं. आता गंभीर.

गणपतीच्या दुसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर काकू माजघरात खाली सतरंजी आणि दोन गोधड्या टाकून झोपलेली. मला वाटलं पाहुण्यांना पलंग दिला असेल. सकाळी विचारलं तर म्हणाली, "अगं, जुलैपासून इथेच झोपते. त्या गादीतून मला उठवत नाही. ती मला धरून ठेवते." जुलैमध्ये एकदा रात्री खड्ड्यातून उठताना तोल गेला, हात भिंतीवरून घसरला, मनगट सुजलं. आठवडाभर आंबेहळद लावली. कुणाला सांगितलं नाही. का, तर "तुम्ही लगेच सुट्ट्या टाकून येणार."

पावसात जमिनीवर झोपणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. फरशीला ओल येते, सांधे धरतात, आणि रात्री घरात किरडू शिरलं तर ते आधी जमिनीवरच्या माणसालाच भेटतं. २२०० रुपयांच्या गादीच्या खड्ड्याची खरी किंमत ही होती.

त्यावर घरात चर्चासत्र झालं, ते सगळ्या नातेवाइकांना माहीतच आहे. एक पक्ष म्हणाला, परत कापसाची गादी करा. आमच्याकडे आजीच्या काळातल्या दोन आहेत. त्या १९९६ मध्ये आणि परत २००८ मध्ये पिंजून घेतल्या, खोळ नवी, कापूस तोच. कापसाची गोष्ट न्यारी हे खरंच. नेहमीच्या हवेतसुद्धा शंभर ग्रॅम कापूस सात-आठ ग्रॅम पाणी धरून असतो, दमट हवेत आणखी जास्त, पण कडक उन्हात टाकला की सोडून देतो. गठ्ठे झाले की पिंजारी तो पुन्हा मोकळा करतो. फोमला हे दोन्ही चालत नाही. एकदा बसलेला फोम पिंजता येत नाही, आणि उघडा फोम उन्हात टाकला तर उन्हातली अतिनील किरणं त्याला पिवळा करतात, वरचा थर चुरगळून पडू लागतो. आपल्या हाडीमाशी भिनलेला उपाय - "जरा ऊन दाखव" - इथे उलटा पडतो. फोमला सावलीतला वारा लागतो.

पण कापसाच्या बाजूने बोलणारे एक विसरत होते. मी त्याच काट्याला आजीची गादी टांगली. १४ किलो! ती पंचवीस-तीस वर्षं टिकली, कारण दर आगोटीच्या आधी दोन माणसं ती उचलून अंगणात टाकत होती, दुपारी उलटत होती, पागोळ्या सुरू व्हायच्या आत माळ्यावर ठेवत होती. तेव्हा घरात अकरा माणसं होती. आता ती दोन माणसं कोण? ८१ आणि ७६ ची?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं सार इथे आहे. आपण दुकानात विचारतो, "ही गादी किती वर्षं टिकेल?" विचारायला हवं ते असं की ही गादी कोण उलटणार, कोण उभी करणार, खालची फळी कोण पुसणार. दमट हवेत कुठलीच गादी आपली आपण टिकत नाही. ज्या घरात माणसं नाहीत तिथे आपण हलकी आणि स्वस्त वस्तू पाठवतो, आणि तीच वस्तू माणसं नसल्यामुळे लवकर संपते.

बरं, मग केलं काय, ते सांगते. कुणाच्या आई-वडिलांना उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे पलंग. दोन्ही पलंगांना खाली अखंड प्लायवुड होतं. गादी काढली तर प्लायवर माणसाच्या आकाराची बुरशी! अंगातून रात्रभर वाफ खाली जाते आणि तिला बाहेर पडायला वाट नाही. पूर्वीच्या बाजेला खालून वारा असे, हे आता कळतं. गावातल्या सुताराने प्लाय काढून पट्ट्या ठोकल्या, मध्ये दोन-दोन बोटं फट ठेवून. पलंगाखालचं सामानही हलवलं.

दुसरं, गादी. काका-काकूंसाठी ४० चा फोम घेतला, वजन करून. पण अखंड नाही, २४ इंची तीन तुकडे, वर चेनची एकच सुती खोळ. एक तुकडा सव्वादोन किलोच्या आसपास. सगळा भार येतो कमरेखालच्या मधल्या तुकड्यावर, म्हणून दर महिन्याला तुकड्यांची अदलाबदल. हे काकू एकटी करू शकते. करते. संकष्टीला करते, म्हणजे विसरत नाही.

तिसरं, प्लास्टिकची पिशवी गेली. पाहुण्यांच्या गाद्या आता एकावर एक नाहीत, ओटीवर भिंतीपासून सुट्या उभ्या असतात, वर जुनं सुती लुगडं.

राहता राहिल्या जुन्या. काकांचा बेत त्या भाजावळीत टाकायचा होता. त्याला मात्र मी कडाडून विरोध केला. हा फोम जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सुटतो, आणि भाजावळीच्या धुरात काका स्वतः उभे असतात. स्वच्छ फोम तुकडे करून, चिकटवून पुन्हा वापरतात, पण बुरशी आलेला कोणी घेत नाही. त्यामुळे त्या दोन गाद्या आजही दोरीने बांधून पडवीत उभ्या आहेत. झोपायला पाच वर्षं पुरल्या, कचरा म्हणून आम्हा सगळ्यांना पुरून उरतील.

चौथी गोष्ट दुकानात मिळत नाही. काकांनी एक वही केलीय. मे, जुलै, गणपती, ऑक्टोबर - चार रकाने. त्या त्या वेळी कोणीतरी येऊन चार दिवस राहायचं, पलंग सरकवायचे, फळ्या पुसायच्या, आणि काकूचं मनगट, गुडघे, कसं काय चाललंय ते डोळ्यांनी बघून जायचं. फोनवर ती नेहमी "बरी आहे"च असते. मे, गणपती आणि ऑक्टोबर लगेच भरले. त्या दिवसांत कोकण सगळ्यांनाच आवडतं - आंबे, आरत्या, हिरवंगार. जुलै रिकामा राहिला. २०२५ च्या जुलैत मी जाऊन आले. चार दिवस सूर्य दिसला नाही, कपडे वाळले नाहीत, लाइट दोनदा गेली. काकू पलंगावर झोपत होती.

पुढचा जुलै अजून रिकामा आहे. सगळे चुलत, मावस, आत्ते वाचताय ना?