समुद्रातला सोनार

दोना पावलाला लोक सूर्यास्त पाहायला जातात. आम्ही गेलो ते भल्या पहाटे, आणि तेही समुद्राचा तळ पाहायला! माझा भाचा सर्वेक्षणाच्या कामावर असतो. "मामा, आमचा सोनार पाहायला येता का?" असे त्याने विचारताच आमच्या मंडळींनी कान टवकारले. पण हा सोनार कान टोचीत नाही, कान देऊन ऐकतो. पाण्यात आवाज फेकायचा आणि तळावरून येणारा प्रतिध्वनी टिपायचा, एवढाच त्याचा धंदा.

लाँच झुआरीच्या मुखातून बाहेर पडली. डावीकडे मुरगाव बंदर मागे पडले. या बाजूच्या समुद्रात सुंची नावाचा खडक आहे. तेथे फुटलेल्या जुन्या जहाजातले हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी भांडी संशोधकांनी वर काढली आहेत. अशा पाण्यात नजर आपोआप खाली वळते.

तांडेलाने वेग चार नॉटांवर आणला आणि तारेला बांधलेला यंत्राचा 'मासा' मागे खोल सोडला. पंख्याच्या घरघरीपासून त्याला जितके दूर ठेवावे तितके बरे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. १०० मीटरवरून परतायला त्याला सेकंदाचा सातवा भागही लागत नाही. पडद्यावर ओळीमागून ओळ उमटू लागली. वाळूच्या वळ्या दिसल्या, खडक दिसले, खडकांच्या काळ्या सावल्याही दिसल्या. आणि एकाएकी चित्रभर तिरप्या ठिपक्यांची सर आली!

"हे आपल्याच लाँचचं खोली मोजायचं यंत्र मध्ये बोलतंय," भाचा म्हणाला. दोन्ही यंत्रांचे सूर वेगळे असते, किंवा ती पाळीपाळीने बोलती, तर हा कलकलाट झाला नसता. त्याने तांडेलाला ते बंद करायला सांगितले.

"बंद करचें ना. हांगा फातर आसात."

बरोबरच होते त्याचे. चित्रापायी लाँच खडकावर कोण घालणार?

मग उरली ती निवडानिवड. खरा खडक लागोपाठच्या ओळींत एकाच जागी दिसतो. उपरा आवाज मात्र दर ओळीत जागा बदलतो. शेजारच्या ओळींशी ताडून पाहून संगणक असे ठिपके पुसतो. पण नांगराची दांडी एखाद्या-दुसऱ्या ओळीतच उमटली, तर तीही त्या झाडूखाली जायची! म्हणून भाचा मूळ नोंद कधीच पुसत नाही. त्याच पट्ट्यावरून तो उलट दिशेने पुन्हा एक फेरी मारतो.

दुसऱ्या फेरीत ठिपक्यांची जागा बदलली. एक बारीक काडी तेवढी तिथेच राहिली.

भाच्याने वहीत जागा टिपली, पुढे प्रश्नचिन्ह घातले आणि तांडेलाला तिसऱ्या फेरीची खूण केली.